मोटारपंपाच्या तक्त्यापासून प्रोसेसरपर्यंत

२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीतल्या सेमिकॉन इंडिया परिषदेत पंतप्रधानांच्या हाती ‘विक्रम ३२०१’ ही चिप देण्यात आली. इस्रोच्या अग्निबाणांसाठी बनवलेला हा ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एक आकड्यांवर एकदम काम करणारा प्रोसेसर. इस्रोचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून तो तयार केला. बातमी टीव्हीवर आली, व्हॉट्सॲपवर फिरली, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारावर बसलेल्या मंडळींनी अगदी रास्त प्रश्न विचारला : “चिप बनवली म्हणते, पण बनवली म्हणजे केलं काय? तिच्या आत असते काय?”

या प्रश्नाला बहुतेक वेळा “लाखो-कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेने चालू-बंद होणारी अतिसूक्ष्म बटणं असतात” असं उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण त्यातून कोणालाच काही कळत नाही. एखाद्या घरात दहा हजार विटा आहेत एवढं सांगितलं, तर घर कसं बांधलं हे कळतं का? म्हणून इथे ट्रान्झिस्टरपासून सुरुवात करायची नाही. वावरातल्या मोटारपंपापासून करू, कारण प्रोसेसरला लागणारं जवळपास सगळं तिथे आधीच हजर आहे.

मोटार कधी चालू व्हावी?

समजा, विहिरीवर तीन फेजची मोटार आहे आणि पाणी टाक्यात साठवायचं आहे. मोटार चालू व्हायला तीन गोष्टी बघाव्या लागतात. तिन्ही फेज बरोबर आहेत का? विहिरीत पुरेसं पाणी आहे का? टाकं भरलंय का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०. तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या एकूण आठ जोड्या होतात. त्या फेज, पाणी, टाकं या क्रमाने लिहू आणि समोर मोटारीचं काय करायचं ते लिहू :

००० → ०
००१ → ०
०१० → ०
०११ → ०
१०० → ०
१०१ → ०
११० → १
१११ → ०

सातवी ओळ तेवढी कामाची : फेज आहेत, पाणी आहे, टाकं रिकामं आहे, म्हणून मोटार चालू. बाकी सगळीकडे बंद. याला सत्यता-तक्ता म्हणतात. डिजिटल लॉजिक हे भारदस्त नाव ज्या गोष्टीला दिलेलं आहे, तिचा पाया एवढाच : हो-नाहीची उत्तरं आत जातात, हो-नाहीचं उत्तर बाहेर येतं.

हो-नाहीचं हे गणित जॉर्ज बूल या इंग्रज माणसाने मांडलं. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नाही, बरंचसं शिक्षण स्वतःच्या बळावर. त्याचा मुख्य ग्रंथ १८५४ मध्ये आला, तेव्हा विजेच्या यंत्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की विजेच्या रिले, म्हणजे विजेने उघडणारे-मिटणारे संपर्क, एकमेकींना जोडून बूलचं सगळं गणित करता येतं. दोन संपर्क एकामागे एक जोडले तर ‘हे आणि ते’, शेजारी-शेजारी जोडले तर ‘हे किंवा ते’. आपल्या स्टार्टरच्या पेटीतला कॉन्टॅक्टर हा त्याच रिलेचा दांडगा भाऊ. पेटी उघडून वायरमन जे जोडत बसतो, ते शॅननचंच गणित असतं.

तारा न बदलता नियम बदलायचा

आता शेतकऱ्याने टाकं काढून टाकलं आणि तुषार संच थेट मोटारीला जोडला. टाकं भरलंय का, हा प्रश्नच उरला नाही. जुन्या पद्धतीने पेटी उघडा, वायरी काढा, नव्याने जोडा. पण वरचा तक्ता बघा. त्यात फक्त शेवटच्या ओळीतल्या ० चा १ करायचा आहे. मग सातवी आणि आठवी, दोन्ही ओळींत मोटार चालू, म्हणजे टाक्याचं उत्तर काहीही असो, फरक पडत नाही. सगळा बदल एका आकड्याचा.

हा तक्ताच चिपमध्ये साठवला तर? आठ छोटे कप्पे, प्रत्येकात ० किंवा १. आत येणाऱ्या तीन तारा कोणता कप्पा उघडायचा ते ठरवतात, आणि त्या कप्प्यातला आकडा बाहेरच्या तारेवर येतो. अशा साठवलेल्या तक्त्यांच्या हजारो प्रती एका चिपवर मांडायच्या, त्यांच्यामध्ये तारांचं जाळं पसरायचं, आणि कोणती तार कोणत्या तारेला जोडायची हेही साठवलेल्या ०-१ वरूनच ठरवायचं. अशा चिपला एफपीजीए म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर, वापरणाऱ्याच्या टेबलावर जिची आतली मांडणी ठरवता येते, अशी ही चिप.

पहिली बाजारात आलेली एफपीजीए १९८५ ची, झायलिंक्स कंपनीची. तिच्यात अशा तक्त्यांचे ६४ गट होते. आज दोन-तीन हजारांच्या घरात मिळणाऱ्या टँग नॅनो ९के या बोर्डावरच्या चिपमध्ये ८,६४० तक्ते आहेत, आणि प्रत्येकाला चार तारा आत येतात. चार तारा म्हणजे सोळा ओळी. सोळा ओळींत ०-१ भरायच्या ६५,५३६ तऱ्हा होतात, म्हणजे चार प्रश्नांवर आधारलेला जगातला कोणताही नियम त्या एका तक्त्यात बसतो. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. चिप बनवणाऱ्याला तुमचा नियम ठाऊक नव्हता, तरी त्याने त्याच्यासाठी जागा करून ठेवली.

आठवण कुठे राहते?

तक्त्याला आठवण नसते. आत्ता आत जे आलं, त्याचं आत्ता उत्तर. पण स्टार्टरचं हिरवं बटण बघा : दाबलं आणि सोडलं तरी मोटार चालूच राहते. कारण कॉन्टॅक्टर एकदा ओढला गेला की स्वतःच्याच संपर्कातून स्वतःच्या कॉइलला वीज देत राहतो. लाल बटण दाबेपर्यंत किंवा लाइन जाईपर्यंत तो ‘आपण चालू आहोत’ हे धरून ठेवतो. बाहेर आलेलं उत्तर वळवून पुन्हा आत दिलं की आठवण तयार होते. आठवणीचं मूळ एवढंच.

एफपीजीएत बहुतेक तक्त्यांजवळ एक आकडा धरून ठेवणारा असा कप्पा असतो. त्याला फ्लिपफ्लॉप म्हणतात. तो मनाला येईल तेव्हा बदलत नाही, चिपभर पसरलेल्या एका तारेवर ठोका पडला की बदलतो. टँग नॅनो ९के वर हा ठोका सेकंदाला २ कोटी ७० लाख वेळा पडतो. दोन ठोक्यांमध्ये ३७ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक अब्ज भाग केले तर त्यातले ३७. तेवढ्या वेळात तक्त्यांनी आपापली उत्तरं तयार ठेवायची. ठोका पडला की सगळे कप्पे एकदम नवं उत्तर उचलतात आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून बसतात.

ठोका कशाला हवा, असं विचाराल. कारण तक्त्याचं उत्तर तत्काळ येत नाही, आणि एका तक्त्याचं उत्तर दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात जात असेल तर मधल्या वेळात भलतेच आकडे तारांवर येऊन जातात. ते शांत होईपर्यंत कोणी उत्तर उचलू नये म्हणून ठोका. हे बेरजेत सगळ्यात स्पष्ट दिसतं.

५ अधिक ३

शून्य-एकच्या भाषेत ५ म्हणजे ०१०१ आणि ३ म्हणजे ००११. बेरीज आपल्या शाळेतल्यासारखीच उजवीकडून करायची. फक्त इथे १ आणि १ मिळून १० होतात, म्हणजे ० लिहायचा आणि हातचा १.

पहिलं घर : १ आणि १, लिहा ०, हातचा १. दुसरं घर : ० आणि १ आणि हातचा १, लिहा ०, हातचा १. तिसरं : १ आणि ० आणि हातचा १, पुन्हा ०, हातचा १. चौथं : ०, ० आणि हातचा १, लिहा १. उत्तर १०००, म्हणजे ८.

प्रत्येक घरात आत येणारे आकडे तीनच : वरचा, खालचा, हातचा. बाहेर जाणारे दोन : लिहायचा आकडा आणि पुढचा हातचा. तीन आत म्हणजे पुन्हा आठ ओळींचे तक्ते, एका घराला दोन. मोटारीचा नियम जिथे बसला, तिथेच बेरीजही बसली. यंत्राला बेरीज ‘कळत’ नाही, ते फक्त तक्ता उघडतं.

आता चौथ्या घराकडे बघा. पहिल्या घराचा हातचा दुसऱ्यातून, तिसऱ्यातून तिथपर्यंत पोचेस्तोवर त्याचं उत्तर चुकीचं असतं. हातचा येण्याआधी चौथं घर ० दाखवत असतं, हातचा आला की १. बत्तीस घरांची बेरीज असेल तर हातच्याला बत्तीस घरांचा प्रवास. ठोका या सगळ्यात लांबच्या वाटेपेक्षा जलद पडला तर चिप चुकीची बेरीज उचलते, आणि चुकलं आहे हे तिला समजतही नाही. म्हणून कोणत्याही प्रोसेसरचा वेग त्याच्यातली सगळ्यात लांब वाट ठरवते. या व्यवसायातल्या लोकांचा निम्मा दिवस ती वाट आखूड करण्यात जातो. हातचा लवकर पोचावा म्हणून एफपीजीए बनवणारे चिपमध्ये खास वेगळ्या तारा आधीच टाकून ठेवतात.

तक्त्यांनी भागतं, मग प्रोसेसर कशाला?

हा प्रश्न बरीच पुस्तकं ओलांडून जातात, आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे.

मोटारीला तीन प्रश्न होते, आठ ओळी झाल्या. शेतकरी म्हणाला, आठवड्यातले काही दिवस लाइन रात्रीची असते, ते बघा. वाढला एक प्रश्न, ओळी सोळा. पाऊस पडलाय का तेही बघा. बत्तीस. दर नव्या तारेमागे तक्ता दुप्पट होतो. वीस तारा झाल्या की १०,४८,५७६ ओळी. मोठा नियम फोडून लहान-लहान तक्त्यांत वाटता येतो, म्हणून प्रत्यक्षात दर वेळी इतकं वाईट होत नाही. पण “काल चार तास चालली असेल तर आज दोनच तास चालव, आणि तापमान जास्त असेल तर अर्धा तास वाढव” अशा नियमांसाठी नव्या-नव्या मांडण्या करत बसणं फार अवघड होतं.

मग माणसांनी युक्ती काढली. सगळा नियम एकदम तक्त्यात बसवायचा नाही. बेरीज, वजाबाकी, तुलना, आकडा आणणे, आकडा ठेवणे अशी मोजकी कामं करणारी एकच मांडणी करायची, आणि कोणतं काम कधी करायचं याची यादी बाहेर स्मरणात, म्हणजे मेमरीत, लिहून ठेवायची. यादी बदलली की यंत्राचं काम बदललं. ही यादी म्हणजे प्रोग्रॅम, तिची प्रत्येक ओळ म्हणजे आज्ञा, आणि ती एकेक ओळ वाचून पाळणारी मांडणी म्हणजे प्रोसेसर.

साध्यातल्या साध्या प्रोसेसरचे भाग हाताच्या बोटांवर मोजता येतात. आपण यादीतल्या कितव्या ओळीवर आहोत ते धरून ठेवणारा एक मोजक. चालू आकडे ठेवायला फ्लिपफ्लॉपच्या थोड्या ओळी, त्यांना रजिस्टर म्हणतात. बेरीज-वजाबाकी-तुलना करणारा तक्त्यांचा एक गठ्ठा. आणि आज्ञा वाचून कोणाला काय करायचं ते सांगणारा दुसरा गठ्ठा. एवढ्यावर काम चालतं : ओळ आणा, ओळखा, करा, मोजक एकने वाढवा, पुन्हा ओळ आणा. एक आज्ञा मात्र असलीच पाहिजे : “उत्तर शून्य आलं तर अमुक ओळीवर जा.” ती नसेल तर यंत्र यादी एकदा वाचून थांबेल, त्याला ‘असं असेल तर तसं कर’ जमणारच नाही.

एक आज्ञा जवळून बघू

आज्ञा म्हणजेही ०-१ चीच माळ. रिस्क-फाइव्ह नावाची आज्ञांची एक खुली पद्धत आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तिची सुरुवात झाली. ती वापरायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत, परवाना काढावा लागत नाही. तिच्या मूळ संचात फक्त ४० आज्ञा आहेत. त्यातली ही एक, वाचायला सोपं जावं म्हणून तुकडे करून :

००००००० ०००१० ००००१ ००० ०००११ ०११००११

उजवीकडून वाचा. शेवटचे सात आकडे सांगतात की हे दोन रजिस्टरांमधलं गणित आहे. ०००११ म्हणजे ३ : उत्तर तिसऱ्या रजिस्टरमध्ये ठेव. पुढचे तीन शून्य आणि अगदी डावीकडचे सात शून्य मिळून सांगतात, बेरीज कर. मधले ००००१ आणि ०००१० म्हणजे पहिलं आणि दुसरं रजिस्टर. सगळं मिळून : पहिल्या आणि दुसऱ्या रजिस्टरमधल्या आकड्यांची बेरीज करून तिसऱ्यात ठेव.

आता डावीकडून दुसऱ्या ० चा १ करा. तीच आज्ञा वजाबाकीची होते. आणि इथे चिपच्या आत काय घडतं ते बघण्यासारखं आहे. वजाबाकीसाठी वेगळं यंत्र लागत नाही. दुसऱ्या संख्येतले सगळे ० चे १ आणि १ चे ० केले आणि पहिल्या घराला हातचा १ दिला, की बेरजेची तीच घरं वजाबाकी करून देतात. आज्ञेतला तो एक बिट उलटापालट करणाऱ्या तक्त्यांनाही जातो आणि पहिल्या घराचा हातचा म्हणूनही जातो. आज्ञा ‘वाचणं’ म्हणजे एवढंच : काही बिटांच्या तारा नेमक्या जागी नेऊन जोडलेल्या असणं.

असा प्रोसेसर एफपीजीएवर किती जागा खातो? रिस्क-फाइव्हचा ‘पिकोआरव्ही३२’ हा खुला प्रोसेसर झायलिंक्सच्या सहा तारांच्या तक्त्यांत मोजला तर साधारण ७५० ते २,००० तक्त्यांत बसतो, आणि वर सांगितलेल्या बोर्डावरही सहज मावतो. ‘सर्व्ह’ नावाचा दुसरा एक आहे, तो तर काही शे तक्त्यांत मावतो. तो बत्तीस घरांची बेरीज एकदम करत नाही, दर ठोक्याला एक घर करतो. जागा वाचवायची तर वेळ द्यावा लागतो, ही देवाणघेवाण या कामात पदोपदी भेटते.

हे लिहायचं कसं? तक्ते हाताने भरायचे?

नाही. मांडणीचं वर्णन करायच्या भाषा आहेत, आपल्याकडे महाविद्यालयांत बहुधा व्हेरिलॉग नाहीतर व्हीएचडीएल शिकवतात. तुम्ही वर्णन लिहायचं, संगणकावरचं सॉफ्टवेअर त्याचे तक्ते पाडतं, कोणता तक्ता चिपवर कुठे बसवायचा आणि तारा कशा न्यायच्या ते ठरवतं, आणि शेवटी ०-१ ची एक फाईल देतं. ती चिपमध्ये भरली की चिप तुमची झाली.

पण प्रोग्रॅमिंग येणारी मुलं इथेच अडखळतात. प्रोग्रॅममध्ये पहिली ओळ आधी घडते, दुसरी नंतर. व्हेरिलॉगमध्ये तुम्ही यंत्राचे भाग सांगत असता, आणि भाग तर सगळे एकाच वेळी चालू असतात. शंभर बेरजा लिहिल्या तर चिपवर बेरजेची शंभर यंत्रं उभी राहतात आणि शंभरही एका ठोक्यात काम करतात. जागा संपते, वेळ नाही. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. न बसता पाठांतर केलं तर परीक्षा पास होते, यंत्र मात्र चालत नाही.

आर्णी तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण देतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत घरी आली तेव्हा बोर्ड सोबत आणला होता. तिने साधा मोजक केला : बटण दाबलं की आकडा एकने वाढेल आणि बोर्डावरच्या सहा दिव्यांवर ०-१ मध्ये दिसेल. संगणकावरच्या चाचणीत सगळं बरोबर. बोर्डावर मात्र बटण एकदा दाबलं की आकडा कधी चारने उडी मारी, कधी नऊने. तिचे वडील शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, “बटनाचा पत्रा थरथरत असन व. आपल्या स्टार्टरमधीबी ठिणगी उडते तवा तसंच होते.” आणि तेच होतं. धातूचे दोन पत्रे टेकताना काही मिलिसेकंद एकमेकांवर आपटत राहतात. माणसाला ते एकच दाबणं वाटतं, पण एका मिलिसेकंदात २७,००० ठोके मोजणाऱ्या चिपला ती चालू-बंदची मालिका दिसते. उपाय असा की बटणाचं उत्तर २० मिलिसेकंद, म्हणजे ५ लाख ४० हजार ठोके, एकसारखं राहिलं तरच खरं मानायचं. त्यासाठी तिने आणखी एक मोजक लावला, आणि आकडा शहाण्यासारखा एकेकाने वाढू लागला.

लाइन गेली तर सगळं पुसलं जाणार?

विदर्भात हा प्रश्न पहिला येतो, आणि तो बरोबर आहे. बहुतेक एफपीजीएतले तक्ते अशा स्मरणात असतात की वीज गेली की रिकामे होतात. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर लाइन जाताच सुटतो, तसंच. पण लाइन आल्यावर मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून आपण ‘ऑटो’ बसवतो ना? एफपीजीएच्या बोर्डावर, काहींच्या तर चिपच्या आतच, वीज गेली तरी न विसरणारं फ्लॅश स्मरण असतं. वीज आली की चिप तिथून आपली फाईल स्वतः वाचून घेते आणि डोळ्याची पापणी लवण्याच्या आसपास कामाला लागते. शिवाय हे छोटे बोर्ड मोबाईलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर चालतात, त्यामुळे इन्व्हर्टर नसलेल्या घरातही अभ्यास अडत नाही.

मग मोटारीवर एफपीजीएच बसवायची का?

नको. हे स्पष्ट सांगतो, कारण उत्साहाच्या भरात शेतकऱ्याच्या माथी महागडी वस्तू मारणं मला पटत नाही. पंपाच्या कामाला स्वस्त मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आयता तयार छोटा प्रोसेसर, पुरून उरतो. या लेखात पंप समजावण्यासाठी आणला, विकण्यासाठी नाही.

एफपीजीएच्या मर्यादाही मोठ्या आहेत. कायम ठशाच्या, म्हणजे कारखान्यातच मांडणी कायमची छापलेल्या चिपमध्ये जिथे मोजके ट्रान्झिस्टर लागतात, तिथे एफपीजीएत पूर्ण तक्ता आणि जोडणीचं जाळं खर्ची पडतं. त्यामुळे तेच काम करायला ती जास्त जागा घेते, जास्त वीज खाते आणि हळू चालते. मोबाईलमधला प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी ठोक्यांवर चालतो, एफपीजीएवर तुम्ही बांधलेला काही कोटींवर. मोबाईलची चिप अशी कोणी बनवत नाही.

तरी ती वापरतात, आणि खूप वापरतात, दोन कारणांनी. एक, जिथे मोजक्याच प्रती लागतात आणि नियम पुढे बदलू शकतो : दळणवळण, उपग्रह, रुग्णालयातली यंत्रं, संशोधन. दुसरं कारण आपल्या विषयाशी जास्त जवळचं. चिप कारखान्यात पाठवण्याआधी तिची मांडणी एफपीजीएवर चालवून बघतात. कारखान्यातून एकदा चिप छापून आली की तिच्यातली चूक खोडता येत नाही, पुन्हा छापायला पैसा आणि महिने जातात. एफपीजीएवरची चूक संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर, दोन्ही रिस्क-फाइव्हवर आधारलेले, एफपीजीएवरही चालवले गेले आहेत.

गावातल्या पोराला हे जमण्यासारखं आहे का?

पूर्वी नव्हतं, आता आहे. शेगाव, पुसद, बडनेरा, सेवाग्राम इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आसपासच्या खेड्यांतली मुलं शिकतात. त्यांच्यापुढे अडचण बुद्धीची नाही, दुसऱ्याच गोष्टींची आहे.

पहिली अडचण डेटाची. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर डाउनलोड करायची तर दहा-दहा जीबींच्या पटीत माप जातं, आणि मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीत ते बसत नाही. यावर खुली सॉफ्टवेअर हा चांगला मार्ग आहे. लॅटिस कंपनीच्या आइस४० चिपमधली ०-१ ची मांडणी काही जणांनी २०१५ च्या सुमारास स्वतः शोधून उलगडली आणि ‘योसिस’ या मोफत सॉफ्टवेअरच्या जोडीने पूर्ण रस्ता खुला केला. पुढे इतर काही चिपांसाठीही तसं झालं. ही साधनं तुलनेने फारच लहान आहेत, साध्या जुन्या लॅपटॉपवर चालतात, आणि एकाने उतरवून घेतली की पेनड्राइव्हवरून वर्गभर वाटता येतात. परवानाच खुला असल्यामुळे त्यात काही गैर नाही.

दुसरी अडचण इंग्रजीची मानली जाते. ती मला तितकी मोठी वाटत नाही. व्हेरिलॉगचे रोज लागणारे शब्द पंधरा-वीस. कोडमधली टिपणं मराठीत लिहावीत असा माझा आग्रह आहे : ‘हातचा इथून पुढच्या घरात जातो’ असं लिहिलेलं सहा महिन्यांनी वाचलं तरी लगेच कळतं.

तिसरी अडचण खरी आहे : प्रॅक्टिकलची फाईल. मागच्या वर्षीची फाईल उतरवून काढायची, सही घ्यायची, बोर्ड कपाटात. हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि सगळ्यांना ठाऊक आहे. एका वर्गात पाच बोर्ड आले आणि ते मुलांना आळीपाळीने घरी नेऊ दिले, तर कपाटातल्या पन्नास बोर्डांपेक्षा जास्त शिकणं होईल, याबद्दल मला जराही शंका नाही. बोर्ड खराब होईल ही भीती असते. पण तो काही फार महाग नाही, आणि काळजी घेतली तर सहसा जळत नाही.

सुरुवात

बोर्ड नसला तरी आज सुरुवात होते. सर्किटव्हर्स हे बंगळुरूच्या आयआयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं मोफत संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडतं. त्यावर आधी पंपाचा तक्ता ‘आणि’, ‘नाही’च्या चिन्हांनी जुळवा. मग बेरजेचं एक घर, मग चार घरं जोडून ५ अधिक ३. मग चार फ्लिपफ्लॉपचा मोजक. एवढं झालं की लॅपटॉपवर इकारस व्हेरिलॉग हे चाचणीचं मोफत सॉफ्टवेअर टाकून तेच शब्दांत लिहा आणि चाचणी घ्या, आणि त्यानंतरच बोर्ड विकत घ्या. प्रोसेसरही एकदम चाळीस आज्ञांचा नको. बेरीज, आकडा आणणे, आकडा ठेवणे आणि ‘शून्य असेल तर उडी’, या चारांनी सुरू करा. त्याच्यावर मोटारीचा नियम प्रोग्रॅम म्हणून चालवून बघा आणि तेच काम एका तक्त्याने किती ठोक्यांत होत होतं त्याच्याशी ताडून बघा.

पुढे आज्ञा वाढवत रिस्क-फाइव्हच्या मूळ संचापर्यंत पोचलात, की त्या पद्धतीच्या चाचण्या खुल्या आणि फुकट मिळतात. त्या प्रत्येक आज्ञेची वेगळी परीक्षा घेतात, वजाबाकीत ऋण आकडा आला तर काय होतं अशा कोपऱ्यातल्या गोष्टीही तपासतात. जी चाचणी नापास होईल, तिथून दुरुस्तीला लागायचं.